वाचकांचे प्रश्न : परदेशात काम करीत फिरताना पैसा गळतो कुठे?

प्रश्न : मी 24 वर्षांची वाणिज्य पदवीधर आहे. देवगड तालुक्यात आमची हापूसची लहानशी बाग आहे. ऑस्ट्रेलियाच्या ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसाच्या सोडतीत माझे नाव निघाले आणि व्हिसाही मिळाला. विमानभाडे आणि हाताशी ठेवायची रक्कम उभी करण्यासाठी बाबांनी पतसंस्थेत आईचे दागिने तारण ठेवले आहेत. मला वर्षभर तो देश पाहायचा आहे, पण परत येताना निदान दागिने सोडवण्याइतके पैसे शिल्लक राहिले पाहिजेत. ‘बाहेर कॉफी पिऊ नकोस’, ‘भात-लोणच्यावर दिवस काढ’ असे सल्ले सगळेच देतात. एवढ्याने खरोखर बचत होते का? — एक वाचक, देवगड

उत्तर : तुम्ही दागिन्यांचा उल्लेख मोकळेपणाने केला, हे बरे झाले. बहुतेक तरुण ‘घरून थोडी मदत झाली’ एवढेच सांगतात आणि मग हिशेबाला आधारच उरत नाही. बँकेच्या परकीय चलन विभागात मी बरीच वर्षे काढली. माझा भाचा याच व्हिसावर गेल्या वर्षी जाऊन आला आणि त्याने रोज लिहिलेली खर्चाची वही आता माझ्यासमोर आहे. पुढचे बरेचसे त्या वहीच्या आधाराने लिहितो.

इतर वाचकांसाठी ही योजना थोडक्यात सांगतो. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील व्यापार करार 29 डिसेंबर 2022 रोजी लागू झाला आणि त्याच्या अनुषंगाने 2024 पासून दरवर्षी 1,000 भारतीयांना हा व्हिसा मिळू लागला. वय 18 ते 30, महाविद्यालयीन शिक्षण आणि कामापुरते इंग्रजी या अटी आहेत. 25 डॉलर भरून सोडतीत नाव नोंदवावे लागते आणि परतीच्या भाड्याव्यतिरिक्त सुमारे 5,000 ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे आजच्या दराने साधारण तीन लाख रुपये, जवळ असल्याचे दाखवावे लागते. देशात पाऊल ठेवल्यापासून 12 महिने राहता येते. एका मालकाकडे सहसा सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ काम करता येत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळतो. तेथील राष्ट्रीय किमान वेतन 1 जुलै 2025 पासून ताशी 24.95 डॉलर झाले. हंगामी कामगाराला भरपगारी रजा नसते, म्हणून त्यावर 25 टक्के अधिक मिळतात, म्हणजे ताशी सुमारे 31 डॉलर. आठवड्याला 38 तास काम मिळाले, तर साधारण 1,180 डॉलर होतात. तुमच्या व्हिसाधारकांना पहिल्या डॉलरपासून 45,000 डॉलरपर्यंत 15 टक्के कर लागतो आणि तो कापून हाती हजार डॉलर येतात. हॉस्टेलमधील सामाईक खोलीतील खाट, घरी शिजवलेले जेवण, फोन आणि बस मिळून भाच्याचा आठवड्याचा खर्च सुमारे 390 डॉलर होता. म्हणजे पूर्ण कामाच्या आठवड्यात सहाशे डॉलर उरतात. काम नसलेल्या आठवड्यातही खाटेचे भाडे आणि जेवण चुकत नाही, त्यामुळे तेच 390 डॉलर गाठीचे जातात. एक रिकामा आठवडा कामाच्या आठवड्याची जवळजवळ दोन-तृतीयांश शिल्लक खाऊन टाकतो. रोज एक कॉफी घेतली, तर आठवड्याला 35 डॉलर होतात. भाच्याने पहिल्या दोन महिन्यांत कॉफी कटाक्षाने टाळली, पण काम न शोधता किनाऱ्यावरच्या शहरात तीन आठवडे काढले. वहीत त्या तीन आठवड्यांच्या पानांवर फक्त खर्चाची बाजू भरलेली आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की, बचतीचा खरा विचार खरेदीच्या वेळी करायचा नसून पंचांग पाहताना करायचा असतो. आपण कोणत्या महिन्यात उतरतो, तेव्हा कोणत्या भागात कोणते पीक काढणीला येते आणि ते संपल्यावर पुढे कोठे जायचे, हे घरातून निघण्यापूर्वीच ठरवावे. तुमच्या बाबतीत तर योगच जुळून आला आहे. आपला हंगाम मार्च ते मे असतो, तर दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असल्याने उत्तर ऑस्ट्रेलियात आंबा साधारण सप्टेंबरपासून डार्विनच्या परिसरात सुरू होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तो कॅथरीन या गावाकडे असतो आणि त्यानंतर क्वीन्सलँडमध्ये बोवेन आणि मरीबा या बाजूला सरकतो. तेथील मुख्य जात केन्सिंग्टन प्राइड ही आहे. चीक अंगावर उडाला की काय होते, देठ आखूड तुटला की फळावर डाग कसा उतरतो, हे तुम्हाला कोणी शिकवायची गरज नाही. तेथे झेल्याऐवजी (आंबे काढायच्या जाळीच्या काठीऐवजी) बागेतून फिरणारे यंत्र असते आणि चिकाचे डाग पडू नयेत म्हणून फळ साबणयुक्त पाण्यात सोडतात. लांब बाह्यांचा सुती सदरा आणि हातमोजे मात्र इथूनच न्यावेत. ऑक्टोबरमधील डार्विन म्हणजे आपल्याकडचा पावसाआधीचा मे महिना समजावा, तेव्हा उकाड्याची कल्पना येईल.

या कामाचा आणखी एक लाभ आहे. उत्तर ऑस्ट्रेलियात शेती, मासेमारी किंवा पर्यटन व हॉटेल अशा ठरावीक क्षेत्रांत तीन महिने, म्हणजे 88 दिवस, पगारी काम केले की दुसऱ्या वर्षाच्या व्हिसासाठी पुन्हा सोडत न काढता अर्ज करता येतो. त्यासाठी पगाराच्या पावत्या आणि बँकेतील नोंदी जपून ठेवाव्या लागतात. खाटेच्या बदल्यात हॉस्टेलची झाडलोट, अशी बिनपगारी कामे या दिवसांत धरली जात नाहीत. एखादा रिकामा आठवडा निभावण्यासाठी तसे काम करायला हरकत नाही, पण महिनेच्या महिने त्यात घालवू नयेत.

तुमच्या बागेत हंगामाला नेपाळी गडी येत असतील. ते बागायतदाराला पहिल्या भेटीत काय विचारतात, ते आठवा. किती दिवसांचे काम नक्की, मांगर (राहायची खोपी) कोठे, पाणी आहे का, शिधा कोण आणणार, पाऊस लागला तर त्या दिवसाचे काय. फळबागेचे काम घेताना तुम्ही नेमके हेच विचारायचे आहे. दुर्गम भागात राहण्याची सोय बहुधा मालकाची किंवा त्याच्याशी संबंधित हॉस्टेलची असते. काही ठिकाणी ‘काम मिळवून देऊ’ म्हणून आधी दोन-तीन आठवड्यांचे भाडे घेतात आणि काम मात्र आठवड्यातून दोनच दिवस देतात. म्हणून गेल्या आठवड्यात तेथील कामगारांना किती तास मिळाले, हे त्या कामगारांनाच विचारावे आणि भाडे आठवड्याच्या बोलीवर द्यावे. मुलगी म्हणून तुमच्या आईला वाटणारी काळजीही याच चौकशीने बरीचशी मिटेल. तेथे आधी राहिलेल्या दोन मुलींशी बोलल्याशिवाय एकाकी ठिकाणी जाऊ नये, मग मजुरी कितीही चांगली असो.

तासांची नोंद स्वतः ठेवावी. भाच्याच्या वहीत ऑक्टोबरच्या एका पानावर दोन रकाने आखलेले आहेत, एकात ‘केलेले तास’ आणि दुसऱ्यात ‘मिळालेले तास’. पहिल्याची बेरीज 41 आणि दुसऱ्याची 38. तीन तासांचे सुमारे 90 डॉलर होतात. त्याने दुसऱ्याच दिवशी वही मुकादमाला दाखवली आणि पुढच्या पगारात फरक मिळाला. वही नसती, तर तो गप्प बसला असता. फळांच्या संख्येवर मजुरी देणाऱ्या बागांनाही 28 एप्रिल 2022 पासून तासाचे किमान वेतन द्यावेच लागते. ‘हात हळू चालतो म्हणून कमी’ हे कारण आता चालत नाही. तक्रार ‘फेअर वर्क ओम्बड्समन’ या सरकारी कार्यालयाकडे करता येते.

करातील गळती ही रिकाम्या आठवड्यांखालोखाल मोठी आहे. पोहोचताच कर कार्यालयाच्या संकेतस्थळावरून टॅक्स फाइल नंबर, म्हणजे करदात्याचा क्रमांक, घ्यावा. तो मोफत असतो, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नयेत. मालकाने तुमच्या प्रकारच्या व्हिसाधारकांना कामावर घेणारा म्हणून नोंदणी केलेली नसेल, तर 15 ऐवजी 30 टक्के कर कापला जातो. म्हणून नोकरीच्या पहिल्या दिवशीच हा प्रश्न विचारावा. तेथील आर्थिक वर्ष 1 जुलै ते 30 जून असते आणि विवरणपत्र 31 ऑक्टोबरपर्यंत स्वतःच ऑनलाइन, फुकट भरता येते.

पगाराव्यतिरिक्त मालक तुमच्या नावे 12 टक्के रक्कम निवृत्तिनिधीत भरतो. देश सोडल्यावर आणि व्हिसा संपल्यावर ती मागता येते, पण तुमच्या व्हिसावर तिच्यातून 65 टक्के कर कापतात. तीस हजार डॉलर कमावले, तर 3,600 डॉलर जमा होतील आणि हाती सुमारे 1,260 येतील. कर जास्त आहे, हे खरे, तरी दागिन्यांच्या व्याजापुरती रक्कम यातून सुटू शकते आणि अनेक मुले ती मागायचीच विसरतात. पहिल्या मालकाकडे जे निधीखाते उघडेल, त्याचाच तपशील पुढच्या प्रत्येक मालकाला द्यावा. चार खाती झाली, तर चार ठिकाणी शुल्क कापले जाते.

राहण्याबाबत भाच्याने केलेली चूक लिहितो, कारण ती त्याला सर्वांत महाग पडली. पहिल्याच आठवड्यात फक्त छायाचित्रे पाहून त्याने एका खोलीची अनामत म्हणून 800 डॉलर पाठवले. किल्ली घ्यायला गेला, तेव्हा त्या पत्त्यावर राहणाऱ्या कुटुंबाला काहीच ठाऊक नव्हते. खोली स्वतः पाहिल्याशिवाय आणि लेखी करार हाती आल्याशिवाय एक डॉलरही देऊ नये. पहिले चार-पाच दिवस हॉस्टेलमध्ये काढावेत आणि मग घर वाटून राहणारी मंडळी शोधावीत. गिरणगावातल्या गावकीच्या खोलीत एकेकाळी आपले चाकरमानी जसे राहत, तशी चार-पाच जणांची एकत्र चूल परदेशातही स्वस्त पडते. भांडी आणि जागा कोणी कधी वापरायची, हे मात्र पहिल्याच दिवशी बोलून घ्यावे.

जेवणात उपासमार करू नये, हे मी आग्रहाने सांगतो. उन्हात आठ तास फळे काढणाऱ्याला भात-लोणचे पुरत नाही, आणि आजारपणामुळे गेलेला आठवडा हाही रिकामाच आठवडा असतो. तांदूळ, डाळ, अंडी, हंगामातील भाजी आणि डब्यातील तारली यांवर पोटभर जेवता येते. ताज्या मासळीची सवय असलेल्या माणसाला डब्यातली तारली पहिल्यांदा जड जाते, पण कांदा, चिंच आणि आपला मसाला घालून तिचे तिखले केले की भागते. मोठ्या दुकानांत संध्याकाळी मुदत संपत आलेल्या मालाच्या किमती उतरवतात. फळीवरच्या चिठ्ठीवर किलोमागचा भाव बारीक अक्षरांत लिहिलेला असतो, तो वाचण्याची सवय लावावी. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात पुढे निघालेले प्रवासी उरलेले तेल, मीठ, पास्ता एका फळीवर ठेवून जातात, ते कोणीही घ्यावे असा रिवाज आहे.

प्रवासात क्वीन्सलँडकडे लक्ष द्यावे. तेथे ऑगस्ट 2024 पासून स्थानिक सार्वजनिक बस आणि लोकल रेल्वेचे तिकीट 50 सेंट आहे. चौघांनी मिळून जुनी गाडी घ्यायची ठरल्यास तिच्यावर कर्जाचा बोजा आहे का, हे ‘पीपीएसआर’ या सरकारी नोंदवहीत 2 डॉलर भरून पाहता येते. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना निघण्यापूर्वी आपल्या आरटीओ कार्यालयातून काढावा.

आरोग्य विम्यावर मात्र कात्री लावू नये. तेथील सरकारी आरोग्यसेवा भारतीय प्रवाशांना लागू नाही आणि बऱ्याच भागांत रुग्णवाहिकेचेही बिल येते. विमा घेताना शेतीकामातील इजा त्यात धरली आहे का, एवढे वाचून घ्यावे.

शेवटी पैशाच्या देवाणघेवाणीविषयी. भारतीय कार्ड परदेशात वापरले की बँक साधारण दोन ते साडेतीन टक्के अधिक घेते, म्हणून पोहोचल्याबरोबर तेथील बँकेत खाते उघडून रक्कम एकदाच वळती करावी. एटीएमने ‘रुपयांत हिशेब करू का’ असे विचारल्यास नकार द्यावा, कारण तो दर नेहमी तोट्याचा असतो. घरी पैसे पाठवताना केवळ शुल्क पाहू नये, अमुक डॉलर पाठवल्यावर बाबांच्या खात्यात नेमके किती रुपये पडतील, ही एकच संख्या दोन-तीन ठिकाणी विचारून पाहावी. पतसंस्थेचे व्याज दर महिन्याला वाढत असते, तेव्हा पहिली हजार-दोन हजार डॉलरांची शिल्लक तिकडेच वळवावी आणि सहलीचा खर्च त्यानंतर करावा. ग्रेट बॅरियर रीफ डिसेंबरऐवजी मेमध्ये पाहिला, तरी काही बिघडत नाही, उलट तेव्हा हवा अधिक चांगली असते.

प्रश्न : माझा मुलगा याच व्हिसावर जात आहे. खर्च वाचावा म्हणून मालवणी मसाला, सुके बोंबील, आमसुले, आंबापोळी आणि घरचे तूप सोबत देण्याचा विचार आहे. चालेल का? — एक आई, वेंगुर्ले

उत्तर : ताई, यातील काही वस्तू चालतील आणि काही विमानतळावरच राहतील. ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षेचे नियम फार कडक आहेत. उतरताना भरायच्या पत्रकावर प्रत्येक खाद्यपदार्थाची नोंद करावी लागते. नोंद केलेली वस्तू अधिकाऱ्याने काढून घेतली, तरी त्याबद्दल दंड होत नाही. लपवलेली सापडली, तर दंड हजारो डॉलरांत जाऊ शकतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो. त्यामुळे मुलाने ‘होय’ या चौकोनात खूण करावी आणि पिशवी वरच ठेवावी. दळलेला मसाला, लेबल असलेल्या बंद पाकिटात पाव किलो, एवढा पुरे होतो. तूप हा दुधाचा पदार्थ आणि बोंबील ही मासळी असल्याने त्यांचे नियम वेगळे आहेत. ते ‘बायकॉन’ या सरकारी संकेतस्थळावर वस्तूचे नाव टाकून निघण्याच्या आठवड्यात पाहावेत. मोठ्या शहरांत भारतीय किराणा सहज मिळतो, पण कॅथरीनसारख्या गावी जाणाऱ्याला तो मसाला खरोखर उपयोगी पडेल. बॅगेत उरलेल्या जागेत तुम्ही वजनाला हलका असा लहान प्रेशर कुकर दिलात, तर डाळ शिजवायला तो वर्षभर कामी येईल.

प्रश्न : चिपळुणात एक जण दीड लाख रुपये घेऊन सोडतीत नाव हमखास काढून देतो, असे सांगतो. ब्रिटनचीही अशीच योजना आहे म्हणतात. भाऊ 23 वर्षांचा असून अभियंता आहे. त्याने कोणती निवडावी? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : पैसे देऊ नयेत. सोडत त्या देशाचे सरकार काढते आणि तिच्यात कोणालाही हात घालता येत नाही. ‘नाव लागले नाही, तर पैसे परत’ असे सांगून शंभर जणांकडून पैसे घ्यायचे, ज्याचे नाव योगायोगाने निघेल त्याचे श्रेय घ्यायचे, आणि उरलेल्यांना परतफेडीसाठी हेलपाटे घालायला लावायचे, असा हा व्यवहार असतो. अर्ज भावाने स्वतःच्या ईमेलवरून आणि स्वतःच्या खात्यातून भरावा, पासवर्ड दुसऱ्याच्या हाती देऊ नये.

ब्रिटनची ‘यंग प्रोफेशनल्स स्कीम’ 18 ते 30 वयाच्या भारतीय पदवीधरांसाठी आहे. वर्षाला 3,000 जागा, दोन वर्षांचा व्हिसा, आणि सोडतीत नाव नोंदवायला काहीच शुल्क नाही. सोडत फक्त दोन दिवस उघडी असते, म्हणून तारखेवर लक्ष ठेवावे. खात्यात 2,530 पौंड सलग 28 दिवस असावे लागतात. सुरुवातीचा बोजा मात्र मोठा आहे. व्हिसा शुल्क 300 पौंडांच्या वर आणि आरोग्य अधिभार वर्षाला 776 पौंड, तोही दोन्ही वर्षांचा एकदम, म्हणजे 1,552 पौंड. त्या बदल्यात तेथील सरकारी आरोग्यसेवा मिळते आणि वर्षाला 12,570 पौंडांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर लागत नाही. अभियंत्याला आपल्या क्षेत्रात काम करायचे असेल, तर दोन वर्षांच्या मुदतीमुळे ब्रिटन सोयीचे पडेल, कारण ऑस्ट्रेलियात एका मालकाकडची सहा महिन्यांची मर्यादा आड येते. केवळ कमावून फिरायचे असेल आणि अंगमेहनतीची तयारी असेल, तर सुरुवातीचा खर्च ऑस्ट्रेलियात लवकर भरून निघतो. दोन्ही सोडतींत नाव नोंदवायला अडचण नाही.

त्या इसमाला आधीच काही रक्कम ऑनलाइन दिली असेल, तर व्यवहाराचे तपशील आणि संदेश जपून ठेवून 1930 या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर आजच्या आज तक्रार नोंदवावी. पैसे दुसऱ्या खात्यात वळण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तर ते गोठवता येण्याची शक्यता अधिक असते.